कौल आणि उचल

२०११ च्या फेब्रुवारीत जनगणनेचं काम आलं आणि माझ्या वाट्याला माझंच माहेर आलं. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, मोजणीचं काम आम्हा शिक्षकांकडं असतंच. ९ ते २८ फेब्रुवारी अशी मुदत होती. पहिल्या दिवशी सकाळी खालच्या आळीपासून सुरुवात केली. चौदा घरं, नऊ कुलपं. एका ओट्यावर म्हातारी ऊन खात बसलेली, पलीकडं दोन शेळ्या आणि त्यांच्यामागं सहा-सात वर्षांचं पोर. माणसं कुठं गेलीत हे विचारायची गरज नव्हती. कारखान्याला. आमच्या बीडकडच्या बालाघाटात या शब्दाच्या मागं-पुढं काही लावावं लागत नाही, साखर कारखान्याला ऊस तोडायला हे कळतंच. कोणता कारखाना, कोणता जिल्हा ते मुकादमाला ठाऊक. गावाला एवढंच ठाऊक की दसरा झाला की निघायचं आणि पट्टा पडला, म्हणजे गाळप संपलं, की परत यायचं.

दुपारी घरी जेवायला आले तर जिजीनं, म्हणजे माझ्या आजीनं, फडताळातून पत्र्याचा डबा काढून पुढ्यात ठेवला.

"घरं मोजायचीत नव्हं तुला? घे, मोज."

डब्यात किल्ल्या होत्या, एकतीस. जिजीला अक्षर ओळखीचं नव्हतं, म्हणून प्रत्येक किल्लीला तिनं वेगळ्या चिंधीची गाठ मारलेली. हिरव्या खणाची चिंधी म्हणजे वेशीजवळचं घर, पांढऱ्या धोतराची म्हणजे सुताराच्या शेजारचं. एकेक किल्ली उचलून ती सांगत गेली, घरात किती माणसं, कोण गेलं, कोण मागं राहिलं, कुणाची सून पोटुशी असून गेली. मी ऐकत राहिले. हातातल्या कागदात यातलं फारच थोडं मावत होतं.

कारखान्याच्या हिशेबात माणसं आणखी वेगळ्या पद्धतीनं मोजतात. नवरा आणि बायको मिळून एक कोयता. 'आमच्या टोळीत बारा कोयते' म्हटलं की चोवीस माणसं समजायची. एकटा बाप्या किंवा एकटी बाई अर्धा कोयता. माझे आई-अण्णा नऊ हंगाम एक कोयता होते.

दुष्काळ पडतो म्हणून माणसं गाव सोडतात, असं मी बरीच वर्षं वर्गात सांगत आले. ते खोटं नाही. पण ज्या फेब्रुवारीत जिजीच्या डब्यात एकतीस किल्ल्या होत्या, त्याच्या आदल्या पावसाळ्यात पाऊस चांगला झाला होता. विहिरींना पाणी होतं, ज्वारी उभी होती. तरी माणसं गेली होती. तेव्हापासून हा प्रश्न माझ्या मनातून गेलेला नाही. माणसाला गावाबाहेर ढकलतं ते काय, आणि पलीकडून ओढतं ते काय?

आमच्या मुलखानं फक्त माणसं घालवली असंही नाही. मोठ्या संख्येनं आणलेलीही इथं आहेत. सहलीला मुलांना दौलताबादला नेते तेव्हा सांगते, १३२७ च्या सुमारास मुहम्मद तुघलकानं देवगिरीचं दौलताबाद केलं आणि दिल्लीची सरदार, मुल्ला-मौलवी, कारागीर, सुफी अशी माणसं इकडं हलवली. दक्षिणेचा महसूल हाताशी राहावा, हा त्यामागचा मोठा हिशेब. काही वर्षांत तो फसला, बादशहा परतला, पण सगळी माणसं परतली नाहीत. बुऱ्हानुद्दीन गरीब खुलदाबादला राहिले, तिथंच त्यांचा दर्गा झाला. १३४७ मध्ये याच दौलताबादेत बहमनी राज्य उभं राहिलं. आणि दख्खनी बोली ही आलेल्यांनी आणि इथल्यांनी मिळून घडवलेली.

पण मला सांगायचंय ते जाणाऱ्यांविषयी.

१३९६ पासून दख्खनेत जो दुष्काळ पडला त्याला लोक दुर्गादेवीचा दुष्काळ म्हणतात. तो बारा वर्षं चालला असं परंपरा सांगते. सुलतानानं माळव्यातून आणि गुजरातेतून बैलांच्या पाठीवर धान्य आणवलं, तरी गावंच्या गावं ओस पडली. पुढं ती पुन्हा वसवायची वेळ आली तेव्हा जुन्या शिवा कुणाला आठवेनात. दोन-तीन गावांचं मिळून एक गाव केलं गेलं. जो कसायला तयार होईल त्याला जमीन. पहिल्या वर्षी सारा नाही. दुसऱ्या वर्षी बिघ्यामागं तोबराभर धान्य. घोड्याच्या तोंडाला बांधतात तो तोबरा! हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून बसले होते. राज्य आपल्या रयतेकडं तोबराभर धान्य मागतंय, कारण जमीन आहे आणि माणूस नाही.

हीच रीत पुढं शतकानुशतकं चालली. लढाई, दुष्काळ, जाच, काहीही झालं की कुणबी परागंदा व्हायचे. अस्मानी-सुलतानी म्हणतात ती. मग सरकारातून कौल जायचा: परत या, अमुक वर्षं सारा कमी घेऊ. पडीक जमीन इस्ताव्यानं द्यायची, म्हणजे पहिल्या वर्षी नाममात्र सारा आणि दर वर्षी थोडा थोडा वाढवत पुऱ्या दरावर आणायचा. कौल म्हणजे दिलेला शब्द. जो गाव सोडून गेला त्याला राजा शब्द देत होता. परगावाहून येऊन कसणाऱ्याला उपरी म्हणत. त्याला मिरासदाराचा, म्हणजे वंशपरंपरेनं जमीन असलेल्याचा, मान नव्हता, पण नवं गाव वसवायचं तर तो लागायचाच. आज आपण उपरा म्हणून माणसाला बाजूला सारतो, तो शब्द त्याच घरचा.

चौथीच्या वर्गाला मी शिवाजी महाराजांचा इतिहास शिकवते. १६७६ मध्ये प्रभावळीच्या सुभेदाराला, रामाजी अनंताला, महाराजांनी लिहिलेलं पत्र मी मुलांना दर वर्षी समजावून सांगते, अभ्यासक्रमात असो वा नसो. ज्याच्याजवळ बैल नाहीत त्याला बैलांसाठी पैसे द्या, पोटाला धान्य द्या, आणि ते वसूल करताना वाढीदिडी, म्हणजे व्याज, न घेता मुद्दल तेवढं, त्याच्या ऐपतीप्रमाणं, हळूहळू घ्या. ही उचलच होती, आधी हातात दिलेली रक्कम. फरक असा की ती माणसानं गावात राहावं म्हणून होती.

जमीन रिकामी आणि माणूस दुर्मीळ असतो तेव्हा निघून जाणं ही गरिबाच्या हातातली ताकद असते. युरोपात १३४७ नंतरच्या प्लेगनं निम्म्याच्या आसपास माणसं नेली आणि उरलेल्या मजुरांची मजुरी वाढली, ती याच नियमानं. आता उलटं झालंय. आमच्या आजोबांना अठरा एकर जमीन होती. चार भावांत वाटणी होऊन अण्णांच्या वाट्याला साडेचार एकर आली, माझ्या भावाकडं आता सव्वादोन आहे. तीही बरड, नांगराला खडक लागतो. अशा माणसाला परत बोलवायला कुणी कौल पाठवत नाही. पोळ्याच्या आसपास मुकादम येतो आणि उचल देतो.

उचल ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडं सविस्तर सांगते. हंगाम सुरू व्हायच्या दोन-तीन महिने आधी मुकादम टोळी बांधतो आणि प्रत्येक कोयत्याला रोख रक्कम देतो. आज ती लाखाच्या घरात जाते. ती दसऱ्यापर्यंत राहत नाही. पोरीच्या लग्नाचं कर्ज, दवाखाना, खतं-बियाणं, सावकार. माणूस फडात पाय टाकतो तेव्हा त्याची मजुरी खर्चून झालेली असते. पुढचे पाच-सहा महिने तो ती फेडतो, टनाच्या दरानं. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली, ती मोठ्या झगड्यानंतर. दोघांनी मिळून पहाटेपासून दिवसाला दोन टनांच्या आसपास ऊस तोडायचा, सोलायचा, मोळ्या बांधायच्या, गाडीत भरायच्या. वाढे, म्हणजे उसाचे शेंडे, विकून मीठ-मिरचीपुरतं सुटतं. एक दिवस आजारी पडलात तर खाडा, त्याचे पैसे कापले जातात. पट्टा पडला तरी हिशेब फिटला नसेल तर बाकी अंगावर राहते आणि पुढच्या वर्षी त्याच मुकादमाकडं जावं लागतं. एका वर्षी अण्णांच्या अंगावर अशी बाकी राहिली तेव्हा मुकादमानं बैलजोडी ठेवून घेतली होती. अण्णा आणि आई टायरगाडी तिथंच सोडून एसटीनं आले. अण्णा त्या दिवशी गोठ्याकडं गेलेच नाहीत. पण मुकादमालाही मी सरळ खलनायक म्हणणार नाही. तोही वरून पैसे उचलतो, साऱ्या टोळीसाठी सही करतो, आणि टोळी पळाली तर त्याचं शेत जातं. अशी शेतं विकलेले मुकादम मी पाहिलेत.

पण तोडायला बाहेरचीच माणसं का? कारखान्याच्या आसपास माणसं नाहीत का? हे मला बरीच वर्षं कळत नव्हतं. उत्तर उसातच आहे. तोडलेला ऊस दिवसभरात गाळला गेला नाही तर साखरेचा उतारा घटतो, आणि एकदा बॉयलर पेटला की गाळप थांबवणं परवडत नाही. म्हणजे रात्री दोनला ट्रक आला तरी तो भरायला माणूस फडाशेजारीच हवा. ज्याचं घर जवळ आहे तो रात्री घरी जातो, त्याला सण असतो, पाहुणे येतात, तो नाही म्हणू शकतो. ज्याचं घर अडीचशे किलोमीटर दूर, ज्याचा मुक्काम पाचटाच्या कोपीत आणि ज्याच्या अंगावर उचल, तो नाही कुणाला म्हणणार? कामाला नुसता मजूर लागत नाही, गावापासून तुटलेला मजूर लागतो.

उसाची ही भूक आजची नाही. १८३३ मध्ये ब्रिटिश संसदेनं गुलामगिरी बंद करण्याचा कायदा केला. मॉरिशसच्या मळेवाल्यांपुढं प्रश्न पडला की आता ऊस कोण तोडणार. १८३४ च्या नोव्हेंबरात हिंदुस्थानातून छत्तीस मजुरांची पहिली तुकडी पोर्ट लुईला उतरली. पुढं साडेचार लाखांच्या आसपास माणसं त्या बेटावर गेली. बहुतेक बिहार आणि पूर्वेकडची, काही मद्रास इलाख्यातली, काही मुंबई बंदरातून गेलेली मराठी. तिथं आजही गणेश चतुर्थीची सुट्टी असते. 'अॅग्रीमेंट'वरून गिरमिट शब्द आला. ठरावीक वर्षांचा करार, आधी दिलेल्या पैशांची कपात, आणि कामावर एक दिवस गैरहजर राहिलं तर दोन दिवसांचा पगार कापायचा नियम. हा नियम वाचला तेव्हा मला आईच्या तोंडचा खाडा शब्दच ऐकू आला. १९१७ मध्ये गिरमिटाची भरती थांबली. आमच्या आणि त्यांच्या स्थितीत फरक आहेच. समुद्र नाही, अण्णा दर उन्हाळ्यात घरी येत होते, आणि मतदानाचा हक्क आहे. पण उचलीची गाठ मारायची पद्धत तीच राहिली, हे मी विसरू शकत नाही.

आमच्या घरचा कोयता सुरू झाला तो बहात्तरनंतर. त्या दुष्काळात जिजी आणि आजोबा पाझर तलावाच्या कामावर खडी फोडत होते. खायला मिलो आणि सुकडी. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यभर जवळपास ५० लाख माणसं अशा कामांवर होती. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून रोजगार हमी आली आणि पुढं तिचा कायदा झाला. जिजी सांगायची, "कामानं जीव वाचला, पण जनावरं गेली." ती गेली म्हणजे शेतीचं भांडवल गेलं. दुष्काळानं माणसाला बाहेर ढकललं ते असं, एका वर्षाच्या भुकेपेक्षा बैल गेल्यानं जास्त. त्याच काळात पलीकडं साखरेचा पसारा वाढत होता. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून प्रवरेचा सहकारी कारखाना १९५० च्या अखेरीस सुरू झाला होता, त्याच्या मागोमाग नगर, सांगली, कोल्हापूर, पुण्याकडं चिमण्या उभ्या राहिल्या. तिथल्या शेतकऱ्याचं भलं झालं आणि ते व्हायलाच हवं होतं. धरणं आणि कालवे त्यांच्या वाट्याला आले, आमच्या वाट्याला पर्जन्यछायेचा प्रदेश आणि निजामाच्या राजवटीतलं मागासलेपण. ज्या मिरजेच्या बाजूला आमच्या टोळ्या जातात, तिथूनच २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला रेल्वेनं पाणी आलं. दिवसभर टीव्हीवर ती गाडी दाखवत होते. आई म्हणाली, "त्या रानात आम्ही तोडलाय." आणखी काही बोलली नाही.

आमच्या शाळेला दोन तांडे लागून आहेत. तिथल्या मुलांचे आजोबा-पणजोबा शेतकरीही नव्हते. बंजारे म्हणजे या देशाचे वाहतूकदार होते. हजारो बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून ते मुलूख ओलांडायचे, फौजांना रसद पोचवायचे, लदेणी म्हणतात तिला. १८५३ मध्ये मुंबई-ठाणे आगगाडी धावली आणि पुढच्या पन्नास वर्षांत रूळ जिकडं जिकडं गेले तिकडं लदेणी संपली. १९०० च्या सुमाराला मनमाडहून हैदराबादकडं जाणारा रूळ आमच्या मराठवाड्यातून गेला. चालत राहणं हाच ज्यांचा धंदा होता ती माणसं बसती झाली, जमीन जवळ नव्हती, आणि दोन-तीन पिढ्यांत पुन्हा चालायला लागली. या वेळी कोयता घेऊन.

दिवाळीनंतर माझ्या वर्गाची हजेरी चौतीसवरून एकोणीसवर येते. हंगामी वसतिगृहाची सोय आहे आणि जिथं ती नीट चालते तिथं मुलं राहतात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. पण धाकट्या भावंडाला सांभाळायला मोठी बहीण न्यावीच लागते. एप्रिलमध्ये ती परत येते तेव्हा तिला वाचता येत नाही असं नाही, ती वाचत नाही. कोपऱ्यात बसते. मग दोन वर्षांत तिचं लग्न होतं, कारण लग्न झालं की कोयता पुरा होतो. बायकांच्या देहावर याचा काय भार पडतो ते २०१९ मध्ये सगळ्यांसमोर आलं. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीपुढं बीड जिल्ह्यातल्या ८२ हजारांवर ऊसतोड बायकांची पाहणी आली, त्यांतल्या १३ हजारांहून अधिक बायकांची गर्भाशयं काढलेली होती. पाळीत खाडा परवडत नाही, फडात आडोसा नाही, दुखणं अंगावर काढायचं, आणि शेवटी कुणीतरी सांगतं की पिशवीच काढून टाक. माझ्या चुलत वहिनीची काढली तेव्हा ती अठ्ठावीस वर्षांची होती. महिनाभरात ती परत मोळ्या उचलत होती.

मी मात्र गावातच राहिले. नऊ हंगाम जिजीनं मला सांभाळलं. मला खाऊ घातलं, ताप आला तर धारूरला नेलं, दप्तर शिवलं. अण्णांच्या पाठीचं दुखणं पावसाळ्यात गावातच निघालं, त्यांचं म्हातारपणही गावातच गेलं. कारखान्याला माणूस लागतो तो सहा महिने. उरलेले सहा महिने त्याला कोण पोसतं, त्याची लेकरं कोण वाढवतं, म्हाताऱ्यांना कोण बघतं? ते सव्वादोन एकर बरड आणि जिजीसारख्या बायका. साखरेच्या भावात हा खर्च कधीच धरला गेला नाही. माझ्या मते सगळ्या हिशेबाचं मर्म इथं आहे. आयर्लंडमध्ये १८४५ नंतरच्या बटाट्याच्या दुष्काळात दहा लाखांवर माणसं मेली आणि तितकीच देश सोडून गेली. ती कायमची गेली, आणि मागं राहिलेल्यांची मजुरी काळानं वाढली. त्या बेटाची लोकसंख्या १८४१ च्या आकड्यावर अजूनही परतलेली नाही. आमची माणसं कायमची जात नाहीत, म्हणून मागं काही मोकळं होत नाही. गावात फक्त रब्बीत ज्वारी काढायला हात राहत नाहीत. त्यामुळं गावानं ज्वारी कमी केली आणि सोयाबीन वाढवलं, ते दसऱ्याच्या सुमाराला निघतं. जाण्याच्या वेळापत्रकावर आमचं पीक ठरायला लागलं, आणि त्याबरोबर कडबा गेला, कडब्याबरोबर उरलीसुरली जनावरं.

तरी गाव सोडणं वाईटच, असं मी म्हणणार नाही. खालच्या आळीतल्या ज्या माणसांच्या नशिबी गावकी आणि येसकरकी, म्हणजे जातीनं लादलेली गावची चाकरी, होती, त्यांच्या मुलांना गावाबाहेर पडल्यावरच कुणी आडनावानं, अहो-जाहो करून हाक मारली. बाबासाहेबांनी खेडं सोडा म्हटलं ते उगीच नाही. १९५० मध्ये औरंगाबादला त्यांनी मिलिंद महाविद्यालय उभं केलं तेव्हा आमच्या भागातली पोरं तिकडं गेली, आणि तेही स्थलांतरच होतं. माझा भाऊ चाकणला कंपनीत आहे. ठेकेदारीवर आहे, पण महिन्याचा पगार महिन्याला मिळतो, आधी नाही. तो म्हणतो, "ताई, काम कमी-जास्त असंल, पण कुणाची उचल नाही अंगावर." हे सांगताना त्याचा आवाज बदलतो.

जिजी जाऊन आठ वर्षं झाली. डबा आता आईकडं आहे. आई शाळेत गेलेली नाही, पण तिनं चिंध्या बदलल्या नाहीत. तिला त्या पाठ आहेत. गेल्या दसऱ्यानंतर मी गेले तेव्हा मोजल्या, तेवीस होत्या. कमी झाल्या म्हणून मला बरं वाटलं. आईनं सांगितलं, पाच घरं पुण्याकडं गेली, त्यांनी किल्ल्या बरोबर नेल्या. दोन घरं पडली.

"आणि एक?"

"वहिनीच्या घराची. ती आता जात नाही. तिला उचलतच नाही काही."

पुढची जनगणना फेब्रुवारी २०२७ मध्ये ठरली आहे. पुन्हा ऐन हंगामात. या खेपेला मोबाइलवर माहिती भरायची आहे म्हणतात. मला गट कोणता मिळेल ते माहीत नाही. मी आईला सांगून ठेवलंय, जो कुणी शिक्षक येईल त्याला आधी घरात बसव, पाणी दे आणि डबा दाखव.